आधी गाळ, मग मत

रिक्षा पुन्हा फिरायला लागली आहे. टपावर कर्णा, पाठीला फलक, आत ड्रायव्हर आणि त्याचा जेवणाचा डबा. बोलायला कुणी नसतं, आवाज भरून ठेवलेला असतो. ‘माझ्या माता-भगिनींनो’ म्हणताना दाटून येणारा तो गळा मी ओळखते. मागे तो दुसऱ्या पक्षासाठी दाटून यायचा.

आई अंगणात सुकेळी उलटते आहे. आमच्या वसईत, सांडोरच्या बाजूला, राजेळी केळी पिकली की ती सोलून, बांबूच्या मांडवावर दिवसचे दिवस उन्हात वाळत घालतात. मधाच्या रंगावर आली की ती सुकेळी. रिक्षा वळणावर दिसली की आई हातातलं टाकून मांडवावर जुनं पातळ पसरते. धूळ बसेपर्यंत तशीच उभी राहते. मग पातळ काढता काढता म्हणते, “गेला एकदाचा विकास.”

निवडणुकीचा हंगाम म्हटला की कुणाला फटाक्यांच्या दारूचा वास आठवत असेल, कुणाला प्रचारकार्यालयातल्या वड्यांचा. मला गाळाचा वास येतो. थंडीच्या दिवसांत, स्वच्छ कोरड्या हवेत, कर्णा ऐकला की नाकात काळा, थंड, कुजल्या पानांचा वास भरतो. तो वास मे महिन्यातला आहे. त्या एका उन्हाळ्याचा आहे. तो आठवला की माझी मान आपोआप ताठ होते.

आमच्या आळीच्या मधोमध बावखल आहे. वसईबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. तळं म्हणावं तर ते लहान, डबकं म्हणावं तर आमचा अपमान. वाड्यांच्या मधे खणलेला पाण्याचा खड्डा, पावसाचं पाणी साठवणारा आणि आजूबाजूच्या विहिरींना पाजणारा. काठाला भेंडीची झाडं, भाजीची नव्हे, सावली देणारी मोठी, त्यांची पिवळी फुलं संध्याकाळी तांबडी होऊन पाण्यावर पडतात. खंड्या तारेवर बसतो आणि मग तिथे नसतोच, फक्त पाणी हललेलं असतं. समुद्र आमच्यापासून लांब नाही. बावखलातलं गोडं पाणी आहे म्हणून खारं पाणी जमिनीखालून पुढे सरकत नाही, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. बावखल गेलं की विहीर गेली, विहीर गेली की केळी गेली, आणि केळी गेली की मग आम्हीही फ्लॅट कुठे मिळतो ते बघायचं.

दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मृगाच्या आधीच्या एका रविवारी गाळ काढतात. ख्रिस्ती घरांची सकाळची मिस्सा आटोपते, हिंदू घरांची देवपूजा, आणि घरटी एक माणूस घमेलं घेऊन काठावर येतो. गाळ हातोहात वर जातो आणि केळीच्या बुंध्याशी पडतो. त्याच्यासारखं खत दुकानात मिळत नाही. दुपारी तांदळाच्या भाकऱ्या, कैरी घातलेलं सुकटीचं कालवण, आणि काठावरच बैठक. पाणी कुणी किती घ्यायचं, कुणाची पंपाची पाळी कधी, सगळं तिथे ठरतं.

त्या बैठकीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. पायाला गाळ लागला नसेल त्याने पाण्यावर बोलायचं नाही, हा पहिला. गाळ काढला असेल त्याचं म्हणणं, तो कुणीही असो, पुरतं ऐकून घ्यायचं, हा दुसरा. आणि बोलणाऱ्याला बाकीच्यांचे प्रश्न संपेपर्यंत पाय धुवायचे नाहीत, हा तिसरा. लहानपणी मला हा तिसरा नियम उगाच केलेला वाटायचा. गाळ सुकला की कातडी ओढल्यासारखी होते, खाज सुटते, पोटरीवरचे केस उपटतात. आता वाटतं, ज्याने हा नियम काढला त्याला माणसांची पुरेपूर पारख असणार. खाज सुटलेला माणूस लांबण लावत नाही.

*

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मोठ्याने सांगते, मला त्यात संकोच नाही. बाबा सातवीतून वाडीत गेले, आई चौथीतून. मी बी.ए. झाले तेव्हा बाबांनी आळीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरी पेढ्याबरोबर तेच वाक्य दिलं, “आमची पोर बी.ए. आहे.” ‘झाली’ नाही म्हणायचे, ‘आहे’ म्हणायचे. जशी ती जन्मतःच होती आणि आता फक्त उघडकीला आलं.

त्याच आठवड्यात नाक्यावर फ्लेक्स लागला. ‘आमच्या विभागाची शान! हार्दिक अभिनंदन!’ खाली माझा फोटो, पासपोर्टसाठी काढलेला, डोळे विस्फारलेले. शेजारी शुभेच्छुकांचा फोटो, हात जोडलेला, माझ्या फोटोच्या चौपट. ते जयेशभाऊ. पलीकडच्या आळीतले, तेव्हाच्या मोठ्या पक्षाचे आमच्या विभागाचे प्रमुख. माझ्या परीक्षेत त्यांचा नेमका कोणता पेपर होता ते मला कळलं नाही. पण बाबा रोज संध्याकाळी पाव आणायच्या निमित्ताने नाक्यावर जायचे आणि त्या फ्लेक्ससमोर थोडं रेंगाळून यायचे. म्हणून मी गप्प बसले. पुढे फ्लेक्स उतरला तेव्हा बाबांनीच तो मागून आणला. इतकी वर्षं तो आमच्या सरपणावर आहे. पावसाळ्यात चूल पेटवायला गेलं की आधी जयेशभाऊंना बाजूला करावं लागतं.

जयेशभाऊंना नुसतं वाईट म्हटलं तर तो खोटेपणा होईल. माझ्या काकांच्या छातीत कळ आली तेव्हा ॲम्ब्युलन्स त्यांनी पाठवली. मयत झालं की खुर्च्या त्यांच्या, लग्नात मांडवाला सवलत त्यांची, क्रिकेटच्या टुर्नामेंटला टी-शर्ट त्यांचे. आमच्याकडे पक्ष असा घरात शिरतो, उंबऱ्याशी चप्पल काढून, ‘काकू, चहा टाका’ म्हणत. नळाला पाणी येत नाही म्हणून अर्ज करायचा तर खिडकी सरकारी असते, पण ती उघडायची दोरी पक्षाच्या कार्यालयातून ओढावी लागते. हळूहळू माणसं खिडकीकडे जाणंच सोडतात. नळाला पाणी आलं की भाऊंनी दिलं म्हणतात, आणि नाही आलं तर भाऊंचा फोन लागत नाही म्हणतात. हक्काची गोष्ट उपकार होऊन हातात पडते, आणि आपण ‘थँक यू भाऊ’ म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. ॲम्ब्युलन्सबद्दल अजूनही म्हणते.

*

त्या वर्षी निवडणूक आज होईल, उद्या होईल असं चाललं होतं. होत काहीच नव्हतं. म्हणून ज्याला-त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. उन्हाळा चढला, पाणी उतरलं, आणि एका सकाळी बावखलाच्या काठावर पत्र्याचा बोर्ड उभा राहिला. ‘नियोजित ज्येष्ठ नागरिक उद्यान व जॉगिंग ट्रॅक. संकल्पना : जयेशभाऊ.’ चित्रात हिरवळ होती, कारंजं होतं, बाकावर हसणारे आजी-आजोबा होते, कोपऱ्यात हात जोडलेले भाऊ होते. ते आजी-आजोबा आमच्यापैकी कुणाचेच दिसत नव्हते. बावखल चित्रात कुठेही नव्हतं.

दोन दिवसांनी डंपर आला आणि एका कोपऱ्यात इमारतींचा राडारोडा ओतून गेला. फुटक्या फरशा, प्लॅस्टरची ढेकळं, कुणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स. पाणकोंबडी त्या ढिगाकडे मान वाकडी करून बघत होती.

मला सगळ्यात जास्त राग आला तो सावंत काकींचा. आळीच्या तोंडाशी नवी इमारत झाली तिथे दुसऱ्या मजल्यावर त्या राहतात. मूळच्या कणकवलीकडच्या, गिरगावात वाढलेल्या, नवरा बँकेतून रिटायर. मला त्या आवडायच्या, माझ्याकडून वाचायला मासिकं नेत. मी तावातावाने डंपरचं सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, “चांगलंच आहे की गं. ते डबकं जाईल. मच्छर बघ किती होतात. आणि यांना डॉक्टरने चालायला सांगितलंय, चालणार कुठे? हायवेवर?”

“काकी, ते डबकं नाही.”

“मग काय मरीन ड्राइव्ह आहे?”

“तुमच्या बोअरचं पाणी कसं आहे सध्या?”

त्यांनी हातातलं मासिक मिटलं. “त्याचं नाव काढू नकोस. चहा खारट होतो. टँकर मागवतो आम्ही.”

“पूर्वी खारट होता?”

काकींनी मासिक पुन्हा उघडलं. मी समजावत बसले नाही. एवढंच म्हटलं, की रविवारी गाळ काढतात, या. त्या हसल्या. “मी? या गुडघ्यांनी?” मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “जेवायला काय असतं?”

*

तो रविवार.

ऊन सकाळीच तापलं होतं. बाबा पहिलं घमेलं भरायला उतरले, कारण आळीत आता तेच वयाने मोठे. गाळात पाय जातो तेव्हा आधी गरम लागतं, मग कोमट, आणि घोट्याच्या खाली गेलं की एकदम थंड. त्या थंडपणाला पाय लागला की मला दरवर्षी हसू येतं. बायका ओचे खोचून रांगेत उभ्या होत्या. अर्नाळ्याची मासळीवाली तिच्या टोपलीतलं सुकट आमच्या कालवणाला देऊन काठावर टेकली होती आणि प्रत्येकाची हजेरी घेत होती. सावंत काकी आल्या. यजमानांची बर्म्युडा, वर गाऊन, डोक्याला टॉवेल. आळीतल्या बायकांनी शिट्टी मारली.

आणि दहाच्या सुमाराला तीन गाड्या आल्या.

जयेशभाऊ उतरले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. मागे पक्षाचे टी-शर्ट घातलेली मुलं, हातात कोरी घमेली, त्यांच्यावरचे स्टिकर अजून निघाले नव्हते. एकाच्या हातात कॅमेरा. एकाने आल्या आल्या बॅनर बांधायला घेतला, ‘बावखल स्वच्छता अभियान’. जे बुजवायचं होतं तेच स्वच्छ करायला आले होते.

मी बाबांकडे वळले. “यांना उतरू देऊ नका. उतरले की बोलायचा हक्क मिळतो त्यांना.”

“मग मिळू दे.”

“बाबा, फोटोसाठी आलेत ते!”

“कशासाठी आला ते नियमात नाही,” बाबा म्हणाले. “गाळ काढला की नाही, एवढंच आहे.”

मी त्या क्षणी बाबांवर इतकी चिडले होते की मला त्यांच्याकडे बघवेना. वाटलं, याच आमच्या साधेपणाने आमचा घात होतो. समोरचा सगळे नियम खिशात घालून येतो आणि आम्ही आपले आमच्या नियमांना चिकटून बसतो.

भाऊ काठाशी आले. मासळीवाली म्हणाली, “बूट काढ रे बाबा. पानी खोल नाय, पन चिखल धरून ठेवतो.”

भाऊ हसले, बूट काढले, पँट दुमडली आणि उतरले. खोटं कशाला बोलू, काम केलं त्यांनी. फोटो झाल्यावरही केलं. घमेलं धरायची त्यांची पद्धत शिकवलेली नव्हती, सवयीची होती. बाबा माझ्या शेजारी पुटपुटले, “याचा आजा यायचा. तो असाच कमरेतून वाकायचा.” थोडा वेळ का होईना, तो माणूस पांढऱ्या कपड्यांतून बाहेर आल्यासारखा दिसला. टी-शर्टवाली मुलं मात्र लवकरच सावलीत जाऊन मोबाईल बघत बसली.

दुपारी बैठक बसली. भाऊंनी पाय धुवायला बादली मागितली. बाबा म्हणाले, “नंतर. आधी बोला.”

भाऊ बोलले. छान बोलतात ते. ज्येष्ठांना बसायला जागा नाही, मुलांना खेळायला नाही, डासांनी माणसं आजारी पडतात, वसई बदलते आहे, आपण मागे राहायचं का. कुणी मधे बोललं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं, जिंकलो. हात जोडून उठायला लागले.

“बसा भाऊ,” बाबा म्हणाले. “आता प्रश्न.”

पहिला प्रश्न सावंत काकींचा. त्यांच्या पायावरचा गाळ सुकून राखाडी झाला होता आणि त्या पाय पसरून, एखाद्या राणीसारख्या बसल्या होत्या.

“भाऊ, हे बुजवलं की पावसाचं पाणी कुठे जाणार?”

“गटार बांधू ना काकी, पक्कं.”

“ते कुठे जाणार?”

“नाल्याला जोडू.”

“आणि नाला?”

भाऊंनी कॅमेरावाल्या मुलाकडे बघितलं.

“मी सांगते,” काकी म्हणाल्या. “नाला आमच्या पार्किंगमध्ये येतो. गेल्या जुलैत आमची स्कूटर पोहायला शिकली. म्हणजे तुमचं गार्डन कोरडं आणि आम्ही होडीतून जॉगिंगला यायचं, असं ना?”

आळी हसली. भाऊही हसले, पण हसता हसता त्यांचा हात पोटरीकडे गेला. खाज सुटली होती.

मग एकेक जण. विहिरींचं काय. राडारोडा टाकायला कुणी सांगितलं. कारंज्याला पाणी कुठून आणणार, या प्रश्नाला तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, “बोर्डावर संकल्पना तुमची आहे. बावखल कुणाचं आहे?”

“सरकारचं.”

“आणि गाळ?”

 ऊन सरकत भाऊंच्या पायांवर आलं होतं. गाळाला भेगा पडत होत्या. दोन्ही हातांनी पोटऱ्या खाजवत, एकदम वेगळ्या, घरच्या आवाजात ते बाबांना म्हणाले, “काका, खरं सांगू का? माझ्या हातात नाही. वर ठरलंय.”

“वर म्हणजे?”

भाऊंनी बोट वर केलं. बाबांनी मान वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“वर तर नारळ आहेत,” बाबा म्हणाले.

तेव्हा कळलं मला, बाबांनी त्यांना उतरू का दिलं ते. बाहेर ठेवला असता तर तो माणूस नाक्यावर जाऊन बोलला असता, कर्ण्यातून बोलला असता, आणि कर्ण्याला प्रश्न विचारता येत नाही. आत घेतला म्हणून त्याला आमच्या मधे, आमच्याइतकंच खाजत बसावं लागलं.

*

पण प्रश्नांनी डंपर थांबत नाही, हेही खरं. सोमवारी दुपारी निरोप आला की उद्यापासून रोज गाड्या येणार. भाऊंचा फोन लागत नव्हता.

मंगळवारी पहाटे उठून बघते तर आई, शेजारच्या बायका, सगळ्याजणी बांबू वाहताहेत. बावखलाकडे जाणारी वाट एक गाडी जाईल एवढीच. त्या वाटेवर, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, मांडव उभे राहिले. मांडवावर सोललेली केळी. मे महिना म्हणजे सुकेळीच्या हंगामाचं शेवट-शेवटचं ऊन, सगळ्यात कडक. आईने शेवटचं केळं सरळ केलं, डोक्यावरून पदर घेतला आणि सावलीत बसली.

डंपर आला. हॉर्न वाजला. आई म्हणाली, “हळू. धूळ बसते.”

मग मोटारसायकलवरून एक साहेब आले. “बाई, रस्ता अडवता येणार नाही.”

“अडवलाय कुठे? वाळवण घातलंय.”

“मग उचला.”

“कच्चं आहे. मधे हलवलं तर आंबतं. वाळलं की उचलते.”

“कधी वाळणार?”

आईने आभाळाकडे बघितलं, जणू तिच्या हातात काहीच नाही, वर ठरलंय. “उन्हावर आहे,” म्हणाली.

ती सुकेळी वाळली तेव्हा शेजारणीची कच्ची केळी आली. ती वाळेपर्यंत तिसऱ्या घरची. डंपरचा ड्रायव्हर उत्तरेकडचा, आठवड्याभरात ओळखीचा झाला. गाडी लावून सुकेळी खायचा आणि म्हणायचा, “माताजी, और कितने दिन?” सावंत काकींच्या इमारतीतल्या माणसांनी आळीपाळीने खुर्च्या टाकून राखण केली. संध्याकाळी चालायला म्हणून यायची आणि मांडवांच्या कडेने फेऱ्या मारायची. जॉगिंग ट्रॅक झाला तो तेवढाच. तेवढी सुकेळी आमच्या आळीने एरवी कधी केली नव्हती. खाऊन खाऊन पोरांना वीट आला.

पुढच्या रविवारी कोपऱ्यातला राडारोडा आम्ही उपसला. निळ्या टाइल्ससुद्धा. कुणीतरी दटावलं, “परवानगी काढलीय का?” मी म्हटलं, “टाकणाऱ्याची दाखवा, खाली आमची जोडते.” मला त्या दिवशी पहिल्यांदा आपलं बी.ए. कामी आल्यासारखं वाटलं. वाक्य बरं जमलं म्हणून नव्हे. आवाज कापला नाही म्हणून.

मग आभाळ भरलं, वाट मऊ झाली, आणि त्या मऊ वाटेवर डंपर घालायची कुणाची छाती नव्हती. बावखल काठोकाठ भरलं. बेडूक रात्रभर बैठक घेत होते. नाला त्या जुलैत पार्किंगपर्यंत आला आणि तिथेच थांबला, काकींची स्कूटर कोरडी राहिली. त्यांनी याचं श्रेय स्वतःच्या गुडघ्यांना दिलं.

*

आणि आता परवा, रिक्षा फिरून गेल्यावर, जयेशभाऊ आमच्या ओट्यावर. उपरण्याचा रंग नवा. मोठ्या पक्षातून ते निघाले, आता दुसऱ्या मोठ्या पक्षात आहेत. उंबऱ्याशी चप्पल काढली, “काकू, चहा टाका” म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

“ताई, वॉर्ड महिला राखीव झालाय. शिकलेली, स्थानिक, स्वच्छ चेहरा पाहिजे. वर तुमचं नाव मी टाकलंय.”

बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. मला दिसलं. ‘आमची पोर नगरसेविका आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडात पेढ्यासारखं फिरत होतं. मला खोटं बोलवत नाही, माझ्याही फिरलं. कुठल्याही रंगाच्या उपरण्याशिवाय त्या सभागृहात शिरायला मला आवडेल, आणि एक दिवस मी शिरेनही. मला राजकारणाची शिसारी नाही. शिसारी यावी अशी सोय मुद्दाम केलेली असते, म्हणजे आमच्यासारखे लांब राहतात.

“आणि अट?” मी विचारलं.

“अट कसली, घरचंच आहे.” भाऊंनी चहात फुंकर घातली. “ते उद्यानाचं फक्त जास्त ताणू नका. तो विषय पुन्हा येणार आहे. डिझाईन बदललंय, पाणी ठेवतोय थोडं. फाउंटनपुरतं.”

आई आतून म्हणाली, “चहात साखर बरी आहे ना?” ती असं विचारते तेव्हा पाहुण्याने उठायची वेळ झालेली असते.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी अडकित्ता पुन्हा चालवायला घेतला. कट्, कट्. पेढा गिळला होता त्यांनी. मग मान न उचलता म्हणाले, “पाण्याचं बोलणं ओट्यावर नाही होत, जयेश. तुला माहीत आहे कुठे होतं.”

“काका, गाळ मे महिन्यात निघतो. मतदान तोंडावर आलंय.”

“मग मत मे महिन्यात माग,” बाबा म्हणाले. “आम्ही कुठे जाणार आहोत?”

भाऊ उठले. चप्पल घालता घालता काहीतरी आठवलं त्यांना. त्या उन्हाळ्यानंतर ते लग्नाला आले, मयताला आले, पण बावखलाकडे फिरकले नव्हते.

“माझा तो बोर्ड होता तिथे,” म्हणाले. “चांगल्या पत्र्याचा होता. काढला कुणी?”

बोर्ड आहे. पहिल्याच पावसात त्याचे खांब कलले तेव्हा बाबांनी तो उतरवला आणि बावखलाच्या उतारावर, जिथे पाय घसरतो तिथे, पायरी म्हणून आडवा टाकला. सावंत काकींचं म्हणणं होतं चित्र वर ठेवा. बाबांनी ऐकलं नाही. माणसाच्या तोंडावर पाय देऊ नये म्हणाले, आणि पालथा घातला. कारंजं, हिरवळ, हसणारे आजी-आजोबा आणि हात जोडलेले भाऊ, सगळे खाली तोंड करून गाळात आहेत. आम्ही त्यावर पाय ठेवून पाण्यात उतरतो. आता पाय घसरत नाही.

“आहे,” मी म्हटलं. “रोजच्या कामाला आहे. मे महिन्यात या भाऊ, दाखवते. येताना ते पांढरे बूट घालू नका.”